जाताना जास्त, येताना कमी

ज्या घरातले कोणी आखातात किंवा विलायतेत नाही, असे घर गोव्यात आमच्या भागात विरळाच. त्यामुळे लंडनला जाताना विमानाला येण्यापेक्षा तासभर जास्त का लागतो, हा प्रश्न चवथीला जमलेल्या नातेवाइकांतही निघतो. घड्याळांतला साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचार तासांचा, फरक हिशेबातून काढून टाकला तरी ही तफावत उरतेच. त्यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘पृथ्वी फिरते म्हणून’. हे उत्तर मुळातच उलटे आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. गोव्याची जमीन ताशी सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने सरकत असते. विमान या फिरण्यातून सुटले असते, तर लंडनच आपल्याकडे सरकत आले असते आणि जाण्याचा प्रवास झटपट उरकला असता. तसे होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असते.

खरे कारण वाऱ्याचे आहे. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढून उत्तरेकडे वळते, तेव्हा पूर्वेकडे जाण्याचा मूळचा वेग ती सोबत नेते. उत्तरेला जमिनीचा वेग कमी असल्यामुळे ही हवा जमिनीच्या पुढे धावू लागते आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा, तयार होतो. (पृथ्वीच्या फिरण्याला श्रेय द्यायचेच असेल, तर ते इथे द्यावे.) हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमाने उडतात त्याच दहा-बारा किलोमीटर उंचीवर, हे वारे ताशी १५० किलोमीटरच्या सहज पुढे जातात.

गोवा ते लंडन हे सरळ अंतर साधारण ७,५०० किलोमीटर आहे. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि समोरून येणारा वारा सरासरी ५० धरला, तर जायला आठ तास एकोणपन्नास मिनिटे आणि यायला सात तास चोपन्न मिनिटे लागतात. वारा १०० धरला, तर फरक पावणेदोन तासांच्याही पुढे जातो. जाताना गेलेला वेळ येताना पुरता भरून निघेल असे वाटते, पण तसे घडत नाही. वारा नसता तर दोन्ही खेपा मिळून सोळा तास चाळीस मिनिटांत झाल्या असत्या. १०० च्या वाऱ्यात त्याहून बारा मिनिटे जास्त लागतात, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहते.

हा नियम बारमाही मात्र नाही, आणि गोवेकराने लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच. पावसाळ्यात दक्षिण भारतावर, जेट प्रवाहासकट, वरचे वारे उलटे म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली या पूर्वेच्या जेट प्रवाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. वरचे वारे असे उलटे वाहतात हे पाहायला उपकरणाची गरज नाही. जुलैत पाऊस उघडला की मिरामारच्या किनाऱ्यावर उभे राहून वर पाहावे: खालचे काळे ढग समुद्रावरून सह्याद्रीकडे पळत असतात आणि त्यांच्या फटीतून दिसणारे वरचे पांढरे, विरळ ढग मात्र समुद्राकडे निघालेले असतात. त्या दिवसांत मस्कतकडे निघालेल्या विमानाला गोवा सोडताना वारा पाठीशी मिळतो; उत्तरेकडे सरकावे तसा तो मंदावतो. लंडनच्या विमानाला पुढे पश्चिमेचा वारा गाठतोच, पण हिवाळ्याइतका जोराचा नाही.

मुंबईच्या विमानाला यातले काही लावू नये. अंतर चारेकशे किलोमीटर, दिशा जवळजवळ उत्तर-दक्षिण आणि हवेतला वेळ साधारण तासभर. तिथे वारा काही मिनिटांपलीकडे फरक पाडत नाही. मोठा फरक पडतो तो मुंबईवर घिरट्या घालत उतरण्याची पाळी येण्याची वाट पाहावी लागते म्हणून, किंवा उड्डाणाआधी रांगेत उभे राहावे लागते म्हणून. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो आणि कंपन्या त्यात ही रांगही आधीच धरून ठेवतात.