चालू बेरीज

एका सरळ रेषेवर वजनं मांडू. २ या बिंदूवर ३, आणि ५ वर उणे १. उणे वजन कसलं, असं विचारू नका. जमाखर्चात देणं चालतं, तसं इथे हे चालतं. आता अगदी डावीकडून निघायचं आणि जाता जाता तोवरची बेरीज लिहायची. २ येईपर्यंत शून्य, तिथे एकदम ३, ५ ला उतरून २, आणि पुढे कायम २.

या चालू बेरजेच्या फलनाचा अवकलज, म्हणजे बदलाचा दर, काढा म्हटलं, की शाळेतलं गणित हात वर करतं. सपाट भागात शून्य आणि पायरीवर अवकलजच नाही. मग वजनं गेली कुठे? अभियंता हेविसाइड, भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक ही मंडळी पायरीचा अवकलज म्हणजे एका बिंदूवर एकवटलेलं वजन, असं बिनदिक्कत धरून चालत. त्याला पक्कं बूड दिलं लोरां श्वार्ट्झ या फ्रेंच गणितज्ञाने. १९५० चं गणितातलं फील्ड्स पदक त्याला डिस्ट्रिब्युशनच्या, म्हणजे अशी एकवटलेली वजनंही सामावणाऱ्या व्यापक फलनांच्या, या कामासाठीच मिळालं. त्याचं म्हणणं असं, की पायऱ्यांच्या वाटेला जाऊच नका. दूरवर शून्य होणारं एक गुळगुळीत फलन घ्या, अवकलज त्याचा काढा, आपल्या बेरजेने गुणून संकलन करा आणि चिन्ह उलटवा. आपल्या उदाहरणात उरतं काय? त्या फलनाच्या २ वरच्या किमतीची तिप्पट, वजा ५ वरची किंमत. मांडलेली वजनं जशीच्या तशी परत!

वजनांच्या अशा मांडणीला मेझर म्हणतात. रेषेवरच्या कुठल्याही बद्ध मेझरचं असंच होतं. चिन्हं सोडून मोजलेलं एकूण वजन मर्यादित असलं, की चालू बेरीज उणे अनंतापासून सुरू करता येते. तिची एकूण चढउतार भरते तीही तेवढीच.

माझं खरं प्रेम मात्र कँटरच्या फलनावर. ० ते १ या तुकड्यातला मधला एक तृतीयांश भाग काढून टाका, उरलेल्यांचेही मधले काढा, असं करतच राहा. पहिल्या काढलेल्या भागावर फलन १/२, पुढच्या दोनांवर १/४ आणि ३/४. काढलेल्या भागांची एकूण लांबी १, म्हणजे जवळजवळ सगळीकडे नेहमीचा अवकलज शून्य. उडी कुठेच नाही, तरी गडी ० वरून १ वर पोचतो! श्वार्ट्झच्या अर्थाने अवकलज काढला, की सगळं वजन त्या उरलेल्या, लांबी नसलेल्या संचावर सापडतं.

प्रतलात इतकी चैन नाही. चढउतार मर्यादित असलेल्या फलनाच्या ग्रेडियंटमध्ये, म्हणजे दोन दिशांच्या अवकलजांच्या जोडीत, एकट्या बिंदूवरचं वजन बसतच नाही. निदान रेघ तरी लागते. बिंदूच हवा असेल, तर एका चतुर्थांश प्रतलावर १ आणि बाकी ० असं फलन घेऊन दोन्ही दिशांनी एकेकदा अवकलन करावं लागतं. पहिल्याने कडेची रेघ मिळते, दुसऱ्याने तिचं टोक.