दुमा

"ती आज उपाशी झोपणार." ड्रायव्हरदादा एवढंच बोलले आणि इंजिन बंद केलं.

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सकाळी चित्त्याची मादी दिसली, इथे स्वाहिलीत दुमा म्हणतात, गवतात दबा धरून थॉमसन गॅझेलच्या (छोट्या हरणांच्या) कळपावर नजर, रात्र सिंह-तरसांची म्हणून ही बिचारी शिकारीला दिवसाच निघते, तेवढ्यात वायरलेस खरखरला आणि दहा मिनिटांत 14 गाड्या. मोजल्या मी. आमची तिसरी.

कुणीतरी दार आपटलं. कळप पसार. ती उठली आणि आमच्याच गाडीच्या सावलीत येऊन बसली, पोट पार खपाटीला गेलेलं.

मग आम्ही लॉजवाल्यांनी दिलेले डबे उघडले. चपाती (हो, केनियातही चपातीच म्हणतात), उकडलेलं अंडं, केळं. अंडं काही घशाखाली उतरेना.

फोटो मात्र भारी आलेत. टाकू का?