ब्लँकमधले शिसे आणि खरेदी विभागाचा शेरा

विहिरीच्या पाण्यातील शिसे स्ट्रिपिंग व्होल्टमेट्रीने मोजण्याचे काम पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी हाती घेतले, तेव्हा सगळी कसरत इलेक्ट्रोडची असेल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तो भाग आठवड्यात उरकला. ग्लासी कार्बनच्या (काचेसारख्या गुळगुळीत कार्बनच्या) इलेक्ट्रोडवर बिस्मथ धातूचा पातळ थर चढवायचा (पारा टाळायचा होता), द्रावण ढवळत उणे १.२ व्होल्टला दोन मिनिटे शिसे त्या थरात साठवायचे, ढवळणे थांबवून द्रावण स्थिर होऊ द्यायचे आणि मग व्होल्टेज वर नेत साठलेले शिसे पुन्हा द्रावणात उतरताना वाहणारा प्रवाह नोंदवायचा. उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास आलेखात शिशाचे पीक, म्हणजे टोकदार उंचवटा, उभे राहते.

अडले ते ब्लँकपाशी. बाकी सगळे तेच, पण विहिरीचे पाणी अजिबात नसलेल्या या द्रावणातही तेच पीक, त्याच जागी, ऐटीत उभे! इलेक्ट्रोड अ‍ॅल्युमिनाच्या बारीक भुकटीवर पुन्हा घासला, बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) नव्याने केला, काचेऐवजी प्लॅस्टिकची भांडी घेतली, पीक हलेना. शेवटी नमुना आटवताना त्यात घालायचे नायट्रिक आम्लच टेफ्लॉनच्या भांड्यात आटवून उरलेला अंश बफरमध्ये घेतला. आम्ल दुप्पट घेतले की पीकही जवळपास दुप्पट होत होते, तेव्हा चोर सापडला. हातमोजे बिनपावडरचेच घ्यावेत, हेही याच दिवसांत शिकले.

अतिशुद्ध आम्लाचा अर्ज खरेदी विभागाकडे गेला आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली. अर्जात एक रकाना होता : 'सदर वस्तू भांडारात शिल्लक आहे काय?' भांडारात नायट्रिकच्या अडीच लिटरच्या सहा बाटल्या होत्या; साहजिकच फाइल 'भांडारात उपलब्ध' असा शेरा घेऊन परत आली. मी शुद्धतेची प्रत लाल शाईने अधोरेखित करून पुन्हा पाठवली, तर पुन्हा तोच शेरा, फक्त तारीख नवी. तिसऱ्या खेपेला तीन कोटेशने मागितली. यात सात आठवडे गेले आणि या काळात माझी चिडचिड प्रयोगशाळेतल्या सर्वांनी सोसली.

अखेर अर्जाच्या पाठीमागे हिशेब मांडला. बाटलीच्या लेबलनुसार शिसे जास्तीत जास्त ०.००००२ टक्के. शंभर मिलिलिटर नमुना आटवताना मी पाच मिलिलिटर, म्हणजे सुमारे सात ग्रॅम आम्ल घालते, त्यातून १.४ मायक्रोग्रॅम शिसे येऊ शकते, म्हणजे लिटरमागे १४ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे १० आहे. विहीर स्वच्छ असली, तरी माझे आम्लच तिला दोषी ठरवणार होते. संबंधित अधिकाऱ्यांनी ते वाचले आणि म्हणाले, "हे आधीच लिहायचं ना, मॅडम." सही तिथल्या तिथे झाली. मला राग आला, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून सांगते, अर्जात 'उच्च शुद्धता आवश्यक' असे मोघम लिहू नका, आकडा लिहा.

एक सांगायचे राहिले. विहिरीच्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ आणि तांबे पीक दाबतात, त्यामुळे शुद्ध पाण्यात काढलेल्या आलेखावर विसंबू नये; त्याच नमुन्यात ठरावीक शिसे दोन-तीनदा घालून पीक किती वाढते, त्यावरून मूळ प्रमाण काढावे.

नव्या आम्लाच्या ब्लँकमध्ये आता जेमतेम उंचवटा दिसतो. भांडारातल्या त्या सहा बाटल्यांतले आम्ल दहा टक्क्यांपर्यंत सौम्य करून मी त्यात रात्रभर भांडी भिजवते आणि सकाळी ती अतिशुद्ध पाण्याने निदान पाच वेळा विसळते.