पाण्याची सोय कोणी केली?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवावेत, असे समितीचे पत्र आले तेव्हा इमारत, प्रार्थना, सहली, बक्षीस समारंभ अशा सर्वांना यथायोग्य जागा द्यावी, असा माझा विचार होता. लिहायला बसल्यावर मात्र इतिहासाच्या सरांखेरीज दुसरे काही सुचेना, म्हणून इतर गुरुजनांची क्षमा मागून त्यांच्याविषयीच लिहितो. सरांचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ऐंशीच्या दशकातील कोणत्याही विद्यार्थ्याला ते सांगावे लागणार नाही, आणि सरांना स्वतःला ते छापून आलेले आवडले नसते.

सर शिकवीत इतिहास, पण त्यांची खरी ओळख स्नेहसंमेलनाचे व्यवस्थाप्रमुख अशी होती. मांडववाल्याशी घासाघीस, पाण्याची पिंपे, त्यांवर साखळीने बांधलेले पेले, कर्ण्याची दिशा, लहान मुलांसाठी जवळचे शौचालय, हे सारे त्यांच्या खिशातील छोट्या वहीत पेन्सिलीने नोंदलेले असे. पडदा उघडला की सर कधी पुढे दिसत नसत. ते मैदानाच्या टोकाला, सर्वांत मागच्या रांगेच्याही मागे, कानाला तळहात लावून उभे असत.

१९८७ साली आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी मी मार्टिन ल्यूथर किंग हा विषय निवडला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या मोर्चासाठी जमलेल्या जवळजवळ अडीच लाखांच्या जनसागराचे मी रंगवून रंगवून वर्णन केले होते. सरांनी मसुदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "ऑगस्टचे ऊन, अडीच लाख माणसे. पाणी कुठे प्यायली?" मला उत्तर देता येईना. सर मुंबईला गेले की न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन ग्रंथालयात बसून टिपणे काढीत. त्यांतील एक टिपण त्यांनी माझ्या हाती दिले. ते बायर्ड रस्टिन यांच्याविषयी होते. रस्टिन त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्क येथे वारले होते.

तो संपूर्ण मोर्चा रस्टिन यांनी दोन महिन्यांहून कमी अवधीत, हार्लेममधील एका जुन्या इमारतीतल्या कार्यालयातून उभा केला होता. किती बस येणार, त्या कुठे उभ्या राहणार, फिरती शौचालये किती लागणार, प्रथमोपचाराची ठिकाणे कोणती, याचा त्यांनी बारीक हिशेब मांडला होता. न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये स्वयंसेवकांनी ८०,००० जेवणाचे डबे भरले. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय पोलिसांना पिस्तूल न बाळगता गर्दी सांभाळण्याचे शिक्षण त्यांनी दिले. शेवटच्या माणसाला ऐकू गेले नाही तर गर्दी बिथरते, म्हणून महागडी ध्वनियंत्रणाच हवी, असा त्यांचा हट्ट होता. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कोण उभे राहिले, हे सांगायला नको.

त्याआधीचे त्यांचे आयुष्यही तितकेच कसदार होते. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या आजीने वाढवलेल्या या माणसाने दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जाण्याऐवजी तुरुंग पत्करला. बसमधील वर्णभेद मोडल्याबद्दल १९४९ साली नॉर्थ कॅरोलायनात बेड्या घातलेल्या कैद्यांच्या टोळीत राबून शिक्षा भोगली. गांधींच्या मार्गाचा जवळून परिचय व्हावा म्हणून ते १९४८ साली भारतात येऊन गेले, आणि १९५६ साली माँटगोमेरी येथील वर्णभेदाविरुद्धच्या बस-बहिष्काराच्या वेळी तरुण किंग यांना अहिंसेच्या लढ्यातील बारकावे त्यांनीच समजावले. एवढे असूनही त्यांचे नाव आमच्या कोणाच्या कानावर आले नव्हते, कारण ते समलिंगी होते आणि ते त्यांनी लपवले नाही. १९५३ साली पॅसाडेना येथे त्यांना याच कारणावरून अटक झाली आणि ते ज्या शांततावादी संस्थेत होते तेथील कामही गेले. १९६० साली एका कृष्णवर्णीय खासदारानेच किंग यांच्याशी त्यांचे संबंध असल्याची खोटी आवई उठवण्याची धमकी दिली, तेव्हा किंगही मागे सरले. मोर्चाच्या पंधरवडाभर आधी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी भर सभागृहात त्या अटकेची चर्चा केली. त्या वेळी ए. फिलिप रँडॉल्फ हे वयोवृद्ध कामगार नेते रस्टिन यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले, म्हणूनच मोर्चा त्यांच्या हातून गेला नाही.

मी विषय बदलून रस्टिन यांच्यावर नवे भाषण लिहिले आणि घरातील मोठ्यांच्या सल्ल्याने त्यात एक सावध वाक्य घातले. खासगी आयुष्यातील ही एक उणीव सोडली तर ते थोरच होते, अशा अर्थाचे ते होते. सरांनी ते वाक्य आडवी रेघ मारून काढून टाकले. "त्यांच्या वतीने तू कशाला माफी मागतोस? त्यांनी कोणाचे वाईट केले?" एवढेच ते म्हणाले. ज्या काळात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ शाबूत होते (ते संबंध गुन्हा नाहीत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०१८ साली आला) आणि हा विषय शिक्षककक्षातही कुजबुजत निघे, त्या काळात एका मराठी शाळेतील शिक्षक नववीच्या मुलाशी आवाज न चोरता हे बोलत होता.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. दोष सांगायचेच असतील तर खरे सांग, असे म्हणून त्यांनी दुसरे टिपण काढले. १९६४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना केवळ दोन जागांची तडजोड देऊ करण्यात आली, तेव्हा ती स्वीकारा, असा सल्ला रस्टिन यांनी दिला आणि फॅनी लू हेमर यांच्या मंडळींनी तो धुडकावला. युद्धाला नकार देऊन तुरुंगात गेलेला हा माणूस राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारशी फाटू नये म्हणून व्हिएतनाम युद्धाविषयी बोटचेपेपणाने वागला. माझ्या मते ही त्यांची मोठी चूक होती आणि आजही तसेच वाटते. परंतु तिच्यामुळे त्या दिवशीचे अडीच लाख लोक तहानलेले राहत नाहीत. दोष झाकून केलेला आदर तसबिरीला हार घालण्यापुरताच उपयोगी पडतो, आणि सरांना तसबिरींचे वावडे होते.

स्पर्धेत मला काहीही मिळाले नाही. विषय शाळकरी मुलाला शोभणारा नाही, असा शेरा एका परीक्षकांनी मारला. परतताना सरांनी निकालाचा उल्लेखही केला नाही. "मागच्या रांगेला ऐकू गेले का?" असे मात्र विचारले.

पुढे मी पाणीपुरवठ्याचा अभियंता झालो. पंढरीच्या वारीत पालखीतळावरील पाण्याची आणि फिरत्या शौचालयांची व्यवस्था काही वर्षे माझ्याकडे होती, याचा मला नोकरीतील कोणत्याही बढतीहून अधिक अभिमान आहे. २०१३ साली रस्टिन यांना मरणोत्तर अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. त्यांचे जोडीदार वॉल्टर नेगल यांनी तो स्वीकारला. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी पॅसाडेनाच्या शिक्षेबद्दल त्यांना माफी जाहीर केली. हे कळवायला सर उरले नव्हते. आता शाळेचे संमेलन कंत्राटाने होते, पाण्याच्या सीलबंद बाटल्या येतात आणि भाषणे मोबाइलवरून उतरवली जातात, असे ऐकतो. वाईट वाटते.

सरांविषयीही एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाहीतर त्यांनी हा लेखही रेघ मारून परत पाठवला असता. त्यांच्या व्यवस्था समितीत मुलींना कधीच जागा नव्हती. मुलींनी रांगोळी काढावी आणि पाहुण्यांना ओवाळावे, इतकेच. वॉशिंग्टनच्या त्या मोर्चातही मुख्य वक्त्यांत एकही स्त्री नव्हती. संयोजन समितीतील एकमेव स्त्री ॲना हेजमन यांनी त्याबद्दल लेखी तक्रार केली होती. आमच्या वर्गातील मुलींनी तक्रार केली नाही, पण त्या विसरल्याही नाहीत. यंदाच्या महोत्सवाच्या व्यवस्था समितीची अध्यक्ष त्यांच्यापैकीच एक आहे. पाण्याचे खाते तिने माझ्याकडे दिले असून टँकरचा हिशेब महिनाअखेरीपर्यंत पाठवावा, असे बजावले आहे.