आयईएलटीएसचं रायटिंग आणि ‘मोजता न येणारी’ नामं

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग निघालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ब्रिटनच्या एनएमसीला, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, परदेशी नर्सकडून या तिन्हींत ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. माझं घोडं अडलं ते रायटिंगला, ६ वर. त्यात परीक्षा घेणारे नुसता आकडा कळवतात. पेपर परत मिळत नाही, कुठे काय चुकलं याची एक ओळ मिळत नाही. जास्तीचे पैसे भरून फेरतपासणी मागता येते, गुण बदलले तर ते पैसे परतही देतात, पण कारण तिथेही सांगत नाहीत. एवढी फी घेऊन लाल पेनाची एक रेघ ओढत नाहीत, हा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

क्लासमध्ये निबंध दाखवला की शेरा ठरलेला: ‘ग्रामर सुधारा’. ग्रामरमधलं काय सुधारा? शेवटी हॉस्टेलवरच्या एका मल्याळी सिनियरने माझे जुने निबंध समोर घेतले आणि नुसते गोल केले. इक्विपमेंट्स, ॲडव्हाइसेस, रिसर्चेस, अ गुड प्रोग्रेस, मेनी इन्फर्मेशन, अमाउंट ऑफ पेशंट्स. सगळ्या चुका एकाच घरातल्या, मोजता न येणाऱ्या नामांच्या. क्लासच्या नोट्समध्ये या प्रकरणाला अर्धं पान होतं: मोजता येतात ती काउंटेबल, येत नाहीत ती अनकाउंटेबल, उदाहरणार्थ पाणी, दूध, साखर.

पाणी-दुधात चुकतंय कोण! मी दर शिफ्टला वॉर्डातलं इक्विपमेंट मोजून ताब्यात घेते. मॉनिटर किती, सक्शन मशीन किती, सह्या करते. रजिस्टरच्या कव्हरवरच मोठ्या अक्षरांत ‘इक्विपमेंट्स’ लिहिलेलं असतं. आणि पैसे मोजता येत नाहीत असं म्हणणारा माणूस मला एकदा भेटवा, कारण मनीसुद्धा अनकाउंटेबल आहे. ही व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतात आणि ती नेमकी अडचणीच्या शब्दांनाच लागू पडत नाही. वस्तू मोजता येते का, हा प्रश्नच नाही. त्या शब्दाच्या शेवटी एस आणि आधी अ चालतो का, एवढं बघायचं. मोजायचे ते मॉनिटर किंवा रुपये. इक्विपमेंट आणि मनी ही त्यांच्या ढिगाची नावं. मराठीवरून अंदाज बांधायला जाल तर फसाल. आपले तांदूळ निवडून झाले, केस गळले, पैसे आले, सगळं अनेकवचनी. तिकडे राइस, हेअर, मनी तिन्ही एकवचनात.

स्टाफचं तर विचारूच नका. ‘नाइटला दोनच स्टाफ आहेत’ हे आपण रोज बोलतो, पण निबंधात एका नर्सला ‘अ स्टाफ’ म्हटलं की गेलं. सरळ नर्स लिहा, नाहीतर मेंबर ऑफ स्टाफ.

मग करायचं काय? याद्या पाठ करू नका, मी केल्या आणि विसरले. लर्नर्स डिक्शनरी उघडा. नामापुढे सी किंवा यू असं अक्षर असतं, काही ठिकाणी अख्खा शब्दच. सी म्हणजे काउंटेबल, यू म्हणजे अनकाउंटेबल. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींच्या ऑनलाइन फुकट मिळतात. हॉर्नबी नावाचा इंग्रज जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा. त्याने सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, आणि ऑक्सफर्डचा आजचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश त्याचाच वंशज. शिकणाऱ्या परक्या माणसासाठीच केलेली वस्तू आहे, आणि आमच्या क्लासमध्ये तिचं नाव कुणी काढलं नव्हतं.

काही शब्दांपुढे दोन्ही अक्षरं दिसतील, घाबरू नका, अर्थ वेगळे असतात. एक्स्पिरियन्स म्हणजे कामाचा अनुभव असेल तर एस नाही. आयुष्यात आलेले बरेवाईट अनुभव असतील तर एक्स्पिरियन्सेस चालतं.

टास्क वनमध्ये, म्हणजे रायटिंगच्या पहिल्या प्रश्नात, बहुतेक वेळा आलेख असतो, तिथे हे फार नडतं. माणसं, गाड्या, घरं आली की नंबर ऑफ; पाणी, वीज, कचरा, पैसा आला की अमाउंट ऑफ. आलेख बघितल्याबरोबर आधी हे ठरवा, मग लिहायला घ्या. तसंच प्रत्येक अनकाउंटेबलला ‘पीस ऑफ’ चिकटवत सुटू नका. युजफुल ॲडव्हाइस एवढं पुरतं, अ नको आणि एस नको.

आधी सांगायला हवं होतं: गुणांचे चार भाग असतात आणि ग्रामर त्यातला एक, २५ टक्के. बाकीच्या तिन्हींत गडबड असेल तर नुसत्या नामांनी काही होणार नाही. दुसऱ्या टास्कचं, म्हणजे निबंधाचं, वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून शेवटची काही मिनिटं तिकडेच ठेवा आणि तेव्हा फक्त नामं तपासा, दुसरं काही नाही. मी हे केलं आणि रायटिंगला ७ आले. क्लासचे सर म्हणाले, आमच्या नोट्सचा फायदा झाला. मी पेढे दिले आणि गप्प बसले.

आणि हो, डायबेटिस, मीझल्स, मम्प्स, न्यूज. शेवटी एस दिसला तरी पुढे क्रियापद ‘आर’ नाही, ‘इज’.