तुम्ही विचारलंत म्हणून: लावतो कोण, खातो कोण?

बेघरांच्या निवाऱ्यात मी भाजीचे वाफे सांभाळते हे कळलं की बहुतेकजण एकच विचारतात, "तिथली माणसं आज आहेत, उद्या नाहीत. मग पेरलेलं खातं कोण?"

प्रश्न रास्त आहे, आणि सुरुवातीला त्यावर मी काढलेला तोडगा चुकला होता. प्रत्येकाला एक कुंडी, तिच्यावर त्याचं नाव. आपलं म्हणून काहीतरी हवं ना, असा माझा भाबडा हिशोब. दोन महिन्यांत निम्मी माणसं निघून गेली आणि त्यांच्या कुंड्यांना कोणी हात लावेना. "नाव आहे त्याचं. परत आला तर?" एक काका म्हणाले. झारी त्यांच्या हातात होती, रोपं मात्र उभ्या उभ्या वाळली.

मग नावं पुसली आणि दाराशी फळा लावला. आज पाणी कोण घालणार, तण कोण काढणार, खुरपी किती बाहेर आहेत. (खुरपी मोजून द्यायची, मोजून घ्यायची. दाटीवाटीच्या जागेत धारदार वस्तू पडून राहिलेली चालत नाही.) कोणी सांगून जातं, कोणी रात्रीतून. सकाळी फळा वाचून दुसरं कोणी झारी उचलतं.

पिकंही मुक्काम बघून निवडतो. लवकर येणाऱ्या जातीचा मुळा २५ ते ३० दिवसांत हाती येतो. पालकाची बाहेरची पानं खुडली की आतून नवी फुटतात, म्हणजे एकाच्या पेरणीवर चौघांची खुडणी. टोमॅटोला रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने लागतात. तरी दोन रोपं ठेवलीच आहेत, हट्टाने.

मातीबद्दल मात्र कोणीच विचारत नाही, आणि खरं तर तेच आधी विचारायला हवं. इमारत जुनी असेल तर तिच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंगाचे पोपडे पडून ते भिंतीलगतच्या मातीत मिसळतं आणि मातीच्या हातांनी पोटात जातं. म्हणून आम्ही जमिनीत काही लावत नाही. चांगली माती आणून कमरेएवढे उंच वाफे केले. गुडघे गेलेल्यांनाही वाकावं लागत नाही. भर दुपारी काम बंद, कारण मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांमुळे ऊन लवकर बाधतं. पायाला जखम असेल तर आधी मलमपट्टी, धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी, मग वाफा.

कॅलिफोर्नियात सांता क्रूझला १९९० पासून बेघरांसाठी अशी बाग चालते, तिथे प्रशिक्षणाबरोबर पगारही मिळतो. आमचे वाफे पाचच.

मागच्या आठवड्यात मुळा २२ दिवसांचा झाला होता. पेरणाऱ्यांपैकी एकच ताई उरल्या होत्या. "काढू का?" त्यांनी विचारलं.

"अजून पाच दिवस थांबा की."

"मला तीनच आहेत."

काढला. करंगळीएवढा होता. नळाखाली धुतला आणि तिथेच उभ्याने खाल्ला, पाल्यासकट.