एक लावलं की दुसरं काहून बंद पडते?

"ताई, थम मशीन लावलं का प्रिंटर बंद, प्रिंटर लावलं का थम बंद. काहून होते असं?"

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात घराच्या समोरच्या खोलीत मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, पीएम किसानची केवायसी, पोरांचे फॉर्म, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. त्याला थम मशीन (म्हणजे आधारसाठी अंगठ्याचा ठसा घेणारं), प्रिंटर, वेबकॅम, कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह आणि वायफाय गेलं की नेटसाठी मोबाईल, इतकं सगळं यूएसबीनं जोडलेलं असतं. फोनवर सांगताना अर्धं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट लिहिते.

हा प्रश्न घेऊन दुकानात गेलात की एकच उत्तर मिळतं: "कॉन्फ्लिक्ट आहे, फॉरमॅट मारावं लागते." मीही एकदा मारून घेतलं. ५०० रुपये गेले ते गेले, पण डी ड्राइव्हमधले बाबांचे फोटोही गेले. त्यांचे तेवढेच फोटो होते. घरी आणून मशिनं जोडली, तर थम मशीन पुन्हा तसंच बंद पडलं. दोष सगळा एका स्वस्तातल्या हबचा, म्हणजे एका यूएसबी पोर्टाचे चार करणाऱ्या डबीचा होता. तेव्हापासून फॉरमॅट हा शब्द ऐकला की मी समोरच्याला आधी थांबवते.

कॉन्फ्लिक्ट हा शब्द जुन्या काळातून आलेला आहे आणि तेव्हा तो खरा होता. त्या काळच्या कॉम्प्युटरमध्ये मशिनांना प्रोसेसरला हाक मारायला ० ते १५ अशा १६च लाईनी असायच्या. पहिला आणि तिसरा सिरीयल पोर्ट (वायर लावायची जुनी तोंडं) दोघेही चार नंबरची लाईन वापरायचे, म्हणून माऊस आणि मोडेम एका वेळी चालता चालत नसत. १९९६ साली यूएसबी आलं ते हेच मिटवायला. इंटेलमधल्या ज्या मंडळींनी ते घडवलं त्यांत बडोद्यात शिकलेले अजय भट्ट होते. यूएसबीत कॉम्प्युटर प्रत्येक मशिनाला स्वतः वेगळा नंबर देतो, आणि एका कंट्रोलरवर १२७ मशिनांची सोय असते. आपल्याकडे सहा-सात. नंबरावरून भांडण व्हायचं कारणच उरत नाही.

मग बंद काहून पडते? बहुतेक वेळा करंट पुरत नाही म्हणून.

आपल्या शिवारातली डीपी, म्हणजे लाईनीचा ट्रान्सफॉर्मर, डोळ्यांपुढे आणा. रब्बीत रात्री लाईन आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि लाईन डिम होते. मोटर हुं हुं करते, पाणी उचलत नाही. मोटर चांगली असते, वायरही चांगली असते. एका डीपीवर भार जास्त झालेला असतो. यूएसबीचा हब म्हणजे तशीच डीपी. काळ्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर मिळतात, निळ्या ३.० पोर्टमधून ९००. त्या काळ्या पोर्टला तुम्ही चार तोंडांचा हब लावला, तर चौघांना मिळून तेवढेच ५००. नियमाप्रमाणे अशा हबच्या एका तोंडावर १०० चाच भार टाकायचा असतो. माऊसला तेवढे पुरून उरतात. थम मशिनाला पुरत नाहीत, आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल तर सगळंच ओढून घेतो.

एका जुलैत पीक विम्याचे शेवटचे दिवस चालू होते. ओसरीत माणसं बसलेली. एका म्हाताऱ्या मावशींची केवायसी घेत होते. निंदणानं त्यांच्या अंगठ्यावरच्या रेघा पुसट झालेल्या, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून, थोडं दाबून, तिसऱ्यांदा लावत होतो. काचेखालचा लाल उजेड एकदम विझला. "डिव्हाइस नॉट कनेक्टेड." मावशी घाबरल्या. "माह्याच्यानं बिघडलं का व बाई?" मी वाकून पाहिलं, तर बाजूला बसलेल्या पोरानं हबच्या रिकाम्या तोंडात आपला मोबाईल खोचलेला. मोबाईल काढला, थम मशीन कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला सरळ लावलं, उजेड आला. पुढच्या अंगठ्याला केवायसी झाली. पण मावशींच्या चेहऱ्यावरची ती भीती मला अजून दिसते. मशीन विझलं तरी माणसाला वाटतं आपल्याच बोटात खोट आहे. म्हणून सांगते, थम मशीन आणि बाहेरची हार्डडिस्क कधीच हबवर लावू नका. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच बसवलेले असतात. समोरच्यांना आतून बारीक वायर आलेली असते, ती ढिली होते. हब घ्यायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

प्रिंटरचं दुखणं वेगळं आहे. तो करंट भिंतीतून घेतो, त्याला हबचं कमी पडत नाही. त्याचा घोळ ओळखीचा. यूएसबी मशिनाच्या पोटात सिरीयल नंबर असला तर ते कुठल्याही पोर्टला लावा, विंडोज ओळखतं. पुष्कळ स्वस्त मशिनांत तो नसतोच. मग पोर्ट बदलला की विंडोजच्या लेखी नवीन पाहुणा आला. ते नव्यानं नोंद करतं आणि यादीत त्याच प्रिंटरच्या नावापुढे "कॉपी १" दिसायला लागतं. तुम्ही प्रिंट देता जुन्या नावाला, आणि ते नाव ज्या पोर्टचं आहे तिथे आता पेनड्राइव्ह बसलेला असतो. आमच्या शाळेतल्या सरांचे निकालपत्रकाचे चाळीसेक कागद असेच रांगेत अडकले होते. सर म्हणत होते, थम मशीन घेतल्यापासून प्रिंटर बिघडला. झालं इतकंच होतं की थम मशिनासाठी जागा करताना प्रिंटरची वायर दुसऱ्या पोर्टला गेली होती. परत जुन्या जागी लावली आणि सगळे कागद एकामागोमाग बाहेर आले.

माझ्या कॅबिनेटच्या मागे प्रत्येक पोर्टवर नेलपॉलिशचा ठिपका आहे. लाल प्रिंटरचा, गुलाबी थमचा, आणि तोच रंग त्या-त्या वायरीच्या टोकाला. झाडझुड करताना कुणी वायरी काढल्या तरी परत जिथल्या तिथे लागतात. जुन्या नोंदी काढायच्या असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या मशिनांची यादी) व्ह्यू मेन्यूतून "शो हिडन डिव्हाइसेस" निवडा. फिकट दिसणारी नावं म्हणजे सध्या न जोडलेली मशिनं. त्यातली त्याच प्रिंटरची आणि थमची जुनी नावंच अनइन्स्टॉल करा. जे नाव कळत नाही त्याला हात लावू नका.

केंद्रवाल्यांसाठी एक खास गोष्ट. जुनं थम मशीन काढून दुसऱ्या कंपनीचं घेतलं असेल तर जुन्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे ठसा आधारपर्यंत पोचवणारं त्या कंपनीचं सॉफ्टवेअर, आत तशीच चालू राहते. आधारची पडताळणी करणारी वेबसाइट मशीन शोधताना कॉम्प्युटरच्या आतल्याच १११०० ते १११२० या पोर्टांवर विचारत जाते. हे पोर्ट वायर लावायचे नव्हेत, नुसते नंबर आहेत. पहिल्या नंबरावर जुनी सर्व्हिस बसलेली असली की तीच उत्तर देते, "मशीन नाही." नवीन बिचारं लाल उजेड लावून तयार असतं, त्याला कुणी विचारतच नाही. कॉन्फ्लिक्ट म्हणायचं तर इथे म्हणा. जुनी सर्व्हिस अनइन्स्टॉल केली की सुटतं.

वायरलेस माऊस अडखळत असेल तर त्याचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) निळ्या पोर्टातल्या पेनड्राइव्हच्या शेजारी आहे का पाहा. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो आणि माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. डोंगल दूर लावला की झालं. थोडा वेळ हात न लावलेलं मशीन झोपून जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची खूण काढा.

आता अर्थिंग. याबद्दल कुणी विचारत नाही, मला मात्र हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, घराघरांत येतात, आणि लोक म्हणतात, "थोडासा येते करंट, काही होत नाही." तिसरी पिन तोडलेली असते किंवा सॉकेटमागे अर्थची वायरच नसते. कूलर सुरू झाला की टुडुंग आवाज येऊन मशीन जातं, परत येतं, तेही याच घरांत जास्त दिसतं. वायरमनला बोलावून मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या. खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाका. मे महिन्यात आपली काळी जमीन हातभर भेगाळते, आणि कोरड्या मातीतून करंट उतरत नाही. शिवारातल्या डीपीच्या अर्थिंगला पाणी टाकतातच ना, तसंच हे. आणि कूलरचा प्लग कॉम्प्युटरच्या बोर्डावर नको.

एवढं करूनही अडलंच तर मला फोन करण्याआधी हे करा. कीबोर्ड-माऊस सोडून सगळं काढा. शटडाउन नको, रीस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शटडाउन केल्यावरही ड्रायव्हरची (मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) जुनी अवस्था जपून ठेवली जाते, रीस्टार्टमध्ये ती नव्यानं उभी राहते. मग एकेक मशीन लावा, मधे मिनिटभर थांबा. पोर्टात बॅटरी मारून पाहा. कापूस घरात भरलेला असतो त्या दिवसांत मी आतून तंतू काढलेत, पावसाळ्यात मुंग्या. ज्या मशिनाला सगळं बंद पडलं ते लक्षात ठेवा, डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या त्रिकोणावर दोनदा क्लिक करा आणि कोड लिहून घ्या. २८ असेल तर ड्रायव्हर नाही. १० म्हणजे मशीन सुरूच झालं नाही. ४३ म्हणजे मशिनानंच बिघाड कळवला म्हणून विंडोजनं त्याला थांबवलं, तेव्हा वायर आणि पोर्ट बदलून पाहा. तो आकडा हाताशी ठेवून फोन लावा, रात्री ९ पर्यंत मी उचलते.